दोषाची वाटणी आणि वरचे न्यायालय



वसंतात व्याख्याने ऐकण्याची आपल्याकडील प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झाली. रानडे पुढे १८९३ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायासनावर बसले. तेव्हा ज्या व्यासपीठाची मुहूर्तमेढ एका न्यायाधीशाने रोवली, त्यावर कायद्याचा विषय उपरा नाही, एवढा दिलासा आम्ही स्वतःला देतो. विषय रुक्ष आहे. पण तो कोणत्या घराच्या दारात कधी येऊन उभा राहील, हे कोणासच सांगता येत नाही.

मोटारींचा अपघात झाला, माणूस मेला किंवा कायमचा जायबंदी झाला, आणि न्यायासनाने म्हटले की 'समोरच्याचा दोष पाऊण आणि तुमचा पाव', तर तो पाव कोण व कसा ठरवितो? आणि तो चुकला असे वाटल्यास वरच्या न्यायालयाने त्यात हात घालावा की नाही, घालावा तर केव्हा? आजचा प्रश्न एवढाच आहे.

तोंडवली-तळाशीलच्या भागात हा प्रश्न समजावयास फार लांब जावयास नको. येथे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. रस्ता रुंद करावयाचा म्हटला तरी जागा कोठून आणावयाची? समजा, अशाच एखाद्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात मासळीचा टेंपो मालवणकडे निघाला आहे. समोरून मोटारसायकलीवर एक तरुण येतो आहे. वळणावर दोघांची गाठ पडते. टेंपोवाला वाचतो, तरुण जातो. घटकाभरात माणसे जमतात आणि निवाडाही तेथेच होतो. कोणी म्हणतो, मोठ्या गाडीचीच चूक. कोणी म्हणतो, आजकालची पोरे वाऱ्यावर स्वार होतात. शेवटी एखादा पोक्त गृहस्थ सर्वांना पटेल असे सांगून टाकतो: "टाळी एका हाताने वाजत नाही."

ही म्हण भाऊबंदकीच्या भांडणात खरी असेल. अपघाताच्या दाव्यात मात्र ती धोक्याची आहे. तिच्या आधाराने निम्मे-निम्मे केलेला निवाडा दिसावयास समतोल दिसतो, पण पुष्कळ वेळा तो केवळ विचार करण्याचा कंटाळा असतो.

या वाटणीचा इतिहास थोडक्यात पाहू. १८०९ साली इंग्लंडात डर्बी येथील एक खटला गाजला. एका माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात खांब आडवा टाकला होता. संध्याकाळी एक घोडेस्वार भरधाव आला, खांबाला अडखळून पडला व जखमी झाला. खांब टाकणाऱ्याची चूक उघड होती. पण स्वार सावकाश येता तर त्यास खांब दिसता, म्हणून त्याला दमडीही मिळाली नाही. आपली चूक रतिभर असली तरी हक्क सगळा बुडाला, असा तो कठोर नियम. पुढे १८४२ साली पाय बांधून रस्त्यावर सोडलेल्या एका गाढवाला भरधाव गाडीने चिरडले. तेव्हा न्यायालयाने म्हटले की अपघात टाळण्याची संधी गाडीवानाच्या हाती होती, म्हणून गाढवाचा मालक जिंकला. म्हणजे एक तर सगळे, नाही तर काहीच नाही. मधला मार्गच नव्हता.

मधला मार्ग सापडला तो समुद्रावर, आणि ही गोष्ट दर्यावर्दी लोकांस आवडावी अशी आहे. दोन जहाजांची टक्कर होऊन दोन्ही चुकलेली निघाली, तर जुना दर्यावरचा कायदा नुकसानीचे सरळ दोन भाग करी. दोष कमी-अधिक असला तरी भाग निम्मेच. १९१० साली ब्रुसेल्सला राष्ट्राराष्ट्रांत करार झाला आणि १९११ साली इंग्लंडने कायदा केला की ज्याचा जेवढा दोष तेवढाच त्याचा भार, आणि प्रमाण ठरविताच येत नसेल तर मात्र समसमान. जमिनीवरच्या अपघातांना हे तत्त्व लागू व्हावयास इंग्लंडात १९४५ साल उजाडले. आपल्या देशात तसा स्वतंत्र कायदा झाला नाही, परंतु न्यायालयांनी न्यायबुद्धीस पटणारे म्हणून ते तत्त्व स्वीकारले. सारांश, ओरोसच्या न्यायालयात आज जी टक्केवारी मांडली जाते, तिचा उगम दर्यावरचा आहे.

आता आपल्या व्यवस्थेकडे वळू. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन मोटार अपघात दाव्यांसाठी खास न्यायाधिकरणांची सोय झाली. आजचा कायदा १९८८ चा. त्याच्या १६६ व्या कलमाखाली जखमी माणसाला किंवा मृताच्या वारसांना भरपाई मागता येते. अपघात जेथे घडला तेथेच अर्ज केला पाहिजे असे नाही. अर्जदार जेथे राहतो तेथेही तो करता येतो. मुंबईत नोकरीला गेलेला मुलगा तिकडे अपघातात गेला, तर मालवणातल्या आईबापांनी मुंबईच्या खेपा घातल्याच पाहिजेत असे नाही.

न्यायाधिकरणापुढे दोन कामे असतात. पहिले, दोष कोणाचा व किती हे ठरविणे. दुसरे, नुकसान किती याचा हिशेब करणे. दुसऱ्या कामाला आता बरीच शिस्त आली आहे. वय, मिळकत, अवलंबून असणारी माणसे, पुढील काळातील वाढ, यांचे आडाखे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली घालून दिले. पहिल्या कामाला असा तक्ता नाही आणि होणेही शक्य नाही. म्हणून गंमत अशी की भरपाईचा आकडा कोष्टकाने काढावयाचा, आणि मग त्यातून किती कापावयाचे ते मात्र अंदाजाने!

हा अंदाज केवढ्याचा असतो ते पाहा. आपल्या कल्पनेतल्या त्या तरुणाच्या घरच्यांचे नुकसान २४ लाख रुपये ठरले असे धरू. न्यायाधिकरणाने त्याचा दोष २५ टक्के धरला, तर हाती येतात १८ लाख. वरच्या न्यायालयाने तो ५० टक्के केला, तर उरतात १२ लाख. 'पंचवीसचे पन्नास' हे दोन शब्द लिहावयास निमिषही लागत नाही, पण तेवढ्याने त्या घरातले सहा लाख रुपये जातात. त्यात एखाद्या मुलीचे शिक्षण असते, कर्जाने घेतलेल्या होडीचे हप्ते असतात. म्हणून हा प्रश्न वकिलांपुरता नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवावा, कारण तो न कळल्याने लोकांचे नुकसान होते. जखमी माणसाची स्वतःची चूक असेल, तरच त्याच्या भरपाईतून काही वजा होते. मुंबईतील एका सायकलस्वाराच्या मृत्यूवरून महानगरपालिकेविरुद्ध झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हेच स्पष्ट केले. ज्याचे नुकसान झाले त्याचा स्वतःचा वाटा असेल तेथे न्यायास धरून रक्कम कमी करावयाची, आणि तसा वाटा नसेल तेथे वजावटीचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु दोन गाड्यांच्या टकरीत तिसराच माणूस भरडला गेला असेल तर? रिक्षात बसलेली बाई, एस. टी. तला उतारू, कडेने चालणारा वाटसरू यांनी कोणाची टाळी वाजविली? यांच्या बाबतीत दोन्ही वाहनांचा दोष हा संयुक्त दोष होय. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगून टाकले की असा अर्जदार दोघांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण भरपाई वसूल करू शकतो. त्या दोघांनी आपसात कसे वाटून घ्यावयाचे, ती त्यांची बाब. रिक्षातल्या बाईस 'दुसऱ्या गाडीवाल्याचा निम्मा वाटा तुम्ही त्याच्याकडून आणा' असे सांगणे कायद्याला धरून नाही.

आता अपील. १७३ व्या कलमाखाली न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर उच्च न्यायालयाकडे अपील होते. मुदत नव्वद दिवसांची, आणि सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. ज्याच्यावर पैसे देण्याचा हुकूम झाला त्याला अपिलासाठी आधी २५ हजार रुपये किंवा निवाड्याच्या रकमेचा अर्धा भाग, यांपैकी जे कमी असेल ते भरावे लागते. वादातली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर अपीलच नाही. ही मर्यादा पूर्वी दहा हजारांची होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने वाढविली. सिंधुदुर्गाच्या लोकांसाठी एक मोठी सोयही झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरास फिरते पीठ म्हणून बसू लागले, आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर यांच्याबरोबर रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्याच्या कक्षेत आले. घाट चढला की वरचे न्यायालय, इतके ते जवळ आले.

पण न्यायालय जवळ आले म्हणून प्रत्येक निवाडा तेथे न्यावा काय? आणि नेलेला प्रत्येक निवाडा त्याने फिरवावा काय? येथे दोन विचार समोरासमोर उभे राहतात आणि दोहोंत तथ्य आहे.

पहिला विचार असा. साक्षीदाराला ज्याने समोर पाहिले तो न्यायाधीश खालचा. प्रश्न विचारल्यावर टेंपोवाल्याचा आवाज अडखळला की नाही, पंचाने मान खाली घातली की नाही, हे वरच्या न्यायालयाला कागदावरून कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५० सालीच सांगून ठेवले की तोंडी पुराव्यात विरोध असेल आणि साक्षीदारांच्या विश्वासार्हतेवरच निर्णय अवलंबून असेल, तर प्रत्यक्ष ऐकणाऱ्या न्यायाधीशाच्या मताला वजन द्यावे. दोषाच्या वाटणीत तर हे अधिकच लागू पडते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्डसपुढे १९४३ साली दोन जहाजांच्या टकरीचा खटला आला. ब्रिटिश फेम आणि मॅक्ग्रेगर अशी त्या जहाजांची नावे. तेथे न्यायमूर्तींनी म्हटले, त्याचा आशय असा: दोषाचे प्रमाण ठरविणे हे तराजूने तोलणे नव्हे. दोन समंजस माणसांची त्यावर दोन मते होऊ शकतात. म्हणून खालच्या न्यायाधीशाची कायद्यात किंवा वस्तुस्थितीत चूक दाखविल्याखेरीज केवळ 'आम्ही असतो तर वेगळे भाग केले असते' एवढ्यासाठी वाटणी बदलू नये.

दुसरा विचार आपल्या कायद्यातला. १७३ खालचे अपील हे पहिले अपील आहे. त्यात कायदा आणि वस्तुस्थिती दोन्ही खुली असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात बजावले की उच्च न्यायालयाने अशा अपिलात पक्षकारांचे मुद्दे विचारात घेऊन सकारण निकाल दिला पाहिजे. दोन ओळींत अपील निकालात काढणे हे त्या कलमाचे पालन नव्हे. आणि २००१ सालच्या एका दिवाणी निकालात तारतम्य सांगितले आहे: खालच्या निकालाशी सहमत व्हावयाचे असेल तर सगळे पुन्हा लिहावयास नको, पण तो उलटवावयाचा असेल तर त्या न्यायाधीशाने दिलेली कारणे एकेक हाती घेऊन ती का टिकत नाहीत हे दाखविले पाहिजे.

या दोन विचारांत विरोध आहे असे वरवर वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. एक म्हणतो, आकड्याशी खेळू नका. दुसरा म्हणतो, कारणे तपासा. तात्पर्य एकच: टक्क्याला कारण हवे. कारण असलेला टक्का वरच्या न्यायालयाने केवळ अभिरुचीने बदलू नये, आणि कारण नसलेला टक्का त्याने केवळ आदराने राहू देऊ नये. आमच्या आजच्या व्याख्यानाचे हेच सूत्र.

ते खऱ्या खटल्यांवर लावून पाहू. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एकाच वर्षात दोन निकाल दिले आणि ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिल्यात गॅसचा टँकर रात्री रस्त्याच्या मध्यावर उभा होता. दिवा नाही, इशारा नाही. समोरच्या वाहनाच्या झोतात मोटार त्यावर आदळली. न्यायाधिकरणाने सगळा दोष टँकरचा ठरविला. उच्च न्यायालयाने निम्मा दोष मोटारीच्या माथी मारला. सर्वोच्च न्यायालयाने तो काढून न्यायाधिकरणाचा निर्णय पुन्हा उभा केला, कारण प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष उलटतपासणीत ढळली नव्हती. दुसऱ्या खटल्यात पुढचा ट्रक एकाएकी थांबला आणि मागची मोटार त्यावर आदळली. पण तेथे पुराव्यात आले की चौदा फूट रुंद रस्त्यावर मोटार ट्रकच्या मागे अवघे दहा-पंधरा फूट अंतर ठेवून चालली होती. मागच्याने पुरेसे अंतर राखावे हा वाहतुकीचा नियमच आहे. तेव्हा दोष मोटारीचा, हा खालचा निर्णय कायम राहिला. दोन्हींत मोटार मागून आदळली होती. तरी उत्तरे वेगळी आली, कारण पुरावा वेगळा होता. 'मागून धडकला तो चुकला' हे ठोकळेबाज सूत्र वापरले असते, तर पहिल्या कुटुंबावर अन्याय झाला असता.

दुसरे उदाहरण दिल्लीचे, २०२० सालच्या निकालाचे. मोटारसायकलीवर तिघे बसले होते. मागून आलेल्या मोटारीने धडक दिली. तीन माणसे बसणे कायद्याने मना आहे, हे कोण नाकारील? उच्च न्यायालयाने तेवढ्यावर मृताचा दोष दहा टक्के धरला. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. तिघे बसल्यामुळे अपघात झाला, किंवा बसल्यामुळे इजा वाढली, असा संबंध पुराव्याने जोडला पाहिजे. नियम मोडणे ही एक गोष्ट आणि अपघातास कारण होणे ही दुसरी. नियम मोडल्याचा दंड वाहतूक पोलिसांनी घ्यावा. तो विधवेच्या भरपाईतून घेण्याचे कारण नाही. वाहन चालविण्याचा परवाना नसलेल्या मुलाच्या बाबतीतही २००८ साली असेच तत्त्व सांगितले गेले: परवाना नाही म्हणून गुन्हा होईल, पण चालविण्यात हयगय नसेल तर परवान्याअभावी तो अपघाताचा भागीदार ठरत नाही.

तिसरे उदाहरण पंचनाम्याचे. २०१३ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अपघातानंतर वाहने कोठे व कशी पडली, एवढ्यावरून कोण कसे चालवीत होता हे ठरत नाही. धडकेनंतर वाहन फिरते, घसरते, ढकलले जाते. त्याच निकालात हेही आले की मृताच्या पोटात दारूचा अंश सापडला, एवढ्यावरून अपघात त्याच्यामुळे झाला असे गृहीत धरता येत नाही. येथे काही जणांच्या भुवया उंचावतील. दारू पिऊन वाहन चालविणाऱ्याची तरफदारी कोणीही करू नये, आणि आम्हीही करीत नाही. पण समोरचा ट्रक चुकीच्या बाजूने आला असेल, तर शुद्धीतला माणूस तरी काय करणार होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय टक्का लावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

परदेशातले एक उदाहरण येथे फार उपयोगी आहे, कारण त्यात वाटणी दोनदा बदलली. स्कॉटलंडमध्ये २००४ साली तेरा वर्षांची एक मुलगी शाळेच्या बसमधून उतरली आणि बसच्या मागून रस्ता ओलांडू लागली. समोरून येणाऱ्या मोटारीने वेग कमी केला नव्हता. पहिल्या न्यायाधीशाने मुलीचा दोष ९० टक्के धरला. अपिलात तो ७० टक्के झाला. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो ५० टक्के केला, आणि तोही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. म्हणजे एकाच घटनेवर विद्वान न्यायाधीशांत एवढे अंतर! तरी बहुमताने सांगितलेले तत्त्व लाख मोलाचे आहे. वाटणी करताना दोन गोष्टी पाहावयाच्या: कोणाच्या वर्तनाने अपघात किती प्रमाणात घडला, आणि ते वर्तन किती दोषार्ह होते. लोखंडाचा जड गाडा हाकणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचा जीव असतो, म्हणून त्याच्याकडून अधिक सावधपणाची अपेक्षा. गावातला माणूस 'मोठ्या गाडीची चूक' म्हणतो, त्यात हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे असे की जबाबदारी मोठी असली तरी चूक पुराव्यानेच सिद्ध व्हावी लागते.

या उदाहरणांतून वरच्या न्यायालयाने वाटणीस हात घालण्याचे प्रसंग सांगता येतात. पुराव्यात पायाच नसताना टक्का लावला असेल, जसे टँकरच्या खटल्यात. चुकीचा पण अपघाताशी संबंध नसलेला प्रकार दोष म्हणून मोजला असेल, जसे तिघांच्या मोटारसायकलीत. महत्त्वाची गोष्ट हिशेबातून सुटली असेल किंवा प्रमाण उघडच विसंगत असेल, जसे त्या शाळकरी मुलीच्या बाबतीत. आणि निवाड्यात कारणच दिले नसेल. याखेरीज तीसचे पस्तीस किंवा चाळीसचे तीस करणे हा न्यायालयाचा वेळ आणि पक्षकाराचे आयुष्य दोन्ही दवडण्याचा प्रकार आहे.

अपिलात आणखी एक मोह असतो. एक बाजू म्हणते दोष शून्य, दुसरी म्हणते ऐंशी टक्के, आणि निकाल पडतो चाळीस टक्के. अशी तडजोड लोकअदालतीत शोभते. तेथे दोघे राजीखुशीने सही करतात. न्यायासनावरून मात्र ती शोभत नाही, कारण तेथे एका बाजूची राजीखुशी नसते. शिवाय अपघाताच्या दाव्यात दोन बाजू सारख्या बळाच्या नसतात. जो गेला तो आपली बाजू सांगावयास येत नाही. जो वाचला तो सांगतो, किंवा सोयीचे नसेल तर पिंजऱ्यात उभाच राहत नाही. म्हणून मृताचा दोष आहे असे जो म्हणतो, त्यानेच तो सिद्ध केला पाहिजे, हा नियम घट्ट धरावा. वाचलेल्या चालकाला विमा कंपनीने साक्षीस आणलेच नाही, तर त्या मौनाचा अर्थ तिच्याविरुद्ध लावण्यास न्यायालय मोकळे असते. पुरावाही फौजदारी खटल्याइतका काटेकोर नको. शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहावयाचे.

कोणी विचारील, मग दोषाची ही कटकटच कशाला? अपघात झाला की ठरावीक रक्कम देऊन मोकळे व्हावे. हा विचारही जुना आहे. १९७७ साली मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हयगय सिद्ध झालीच पाहिजे असे म्हटले. पुढे १९८२ साली कायद्यात दोषाचा विचार न करता मृत्यूसाठी १५ हजार रुपये देण्याची तरतूद आली. २०१९ च्या दुरुस्तीने अशा मार्गाची रक्कम मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख केली. ज्याच्याजवळ साक्षीपुरावा नाही, त्याला हा मोठा आधार आहे. पण पंचविशीतला कर्ता मुलगा गेला, तर त्याच्या घरचे नुकसान पाच लाखांत बसत नाही. ज्याला पुरे नुकसान मागावयाचे, त्याला दोषाच्या वाटेने जावेच लागते. म्हणून ती वाट नीट राखली पाहिजे.

ती राखण्याचे काम एकट्या न्यायालयाचे नाही. अपिलात सहसा नवा पुरावा येत नाही. खाली जे कागदावर आले, त्यावरच वर लढावयाचे असते. म्हणून कोल्हापुरातल्या अपिलाचा निकाल बऱ्याच अंशी अपघाताच्या दिवशी रस्त्यावरच लागतो. पंच म्हणून सही करणाऱ्याने पंचनामा वाचून सही करावी. चाकांच्या घसरणीच्या खुणा, रस्त्याची रुंदी, काचांचा खच कोठे पडला, दिवे होते की नव्हते, हे त्यात आले की नाही ते पाहावे. ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याने 'नसती ब्याद' म्हणून मागे सरू नये. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताची पहिली खबर ४८ तासांत न्यायाधिकरणास द्यावयाची आहे. वारसांनी तिची प्रत मागून घ्यावी. निवाडा हाती आल्यावर आधी आकडा वाचू नये, दोषाचे कारण वाचावे. आणि विमा कंपनीने अपील केले, तर आपणही निवाड्यावर नाराज असल्यास वेळेत प्रतिआक्षेप दाखल करावा. केवळ बचाव करीत बसणाऱ्याला वाढीव रक्कम मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे.

असो. आम्ही आपला बराच वेळ घेतला. दर्यावर जाळे टाकणाऱ्यांत वाट्याचा हिशेब असतो. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा. तो हिशेब किनाऱ्यावर सर्वांसमक्ष होतो, आणि कोणाला किती व का हे प्रत्येकाला कळते, म्हणून तो टिकतो. दोषाचा वाटाही असाच उघड्यावर, कारणांसह झाला पाहिजे. मग तो आपल्या मनासारखा नसला तरी माणूस तो मान्य करतो. आणि कारण नसेल, तर घाट चढून जाण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिलेला आहे. तो अधिकार आपणांपैकी कोणालाही वापरण्याची वेळ न येवो, एवढी सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.